काचेच्या डोळ्याला लावलेलं कुंकू

ऊन मोजतात, हे मला चाळिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं. प्रेशर मोजतात, टेम्परेचर मोजतात, टाकीतली पातळी मोजतात. वीस वर्षं मी तेच करत आले आहे. अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या एका केमिकल कंपनीत मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. म्हणजे कंपनीत जिथे जिथे काटा हलतो किंवा आकडा दिसतो, तो खरा की खोटा हे बघणं माझं काम. पण ऊन? डोक्यावर ओढणी घ्यावीशी वाटली की कडक, नाही वाटली की बरं. आमच्या विठ्ठलवाडीच्या घरात उन्हाबद्दल यापेक्षा जास्त कुणी बोललेलं मला आठवत नाही.

मग कंपनीने शेडच्या छतावर सोलर पॅनल बसवले आणि त्यांच्यासोबत एक छोटं यंत्र आलं. पायरॅनोमीटर. पांढरी बशी, तिच्या मधोमध अर्ध्या संत्र्याएवढा काचेचा घुमट, आणि आत काळी चकती. उन्हाने ती चकती किती तापते त्यावरून ते सांगतं, की या क्षणी इथे किती ऊन पडतंय. नाव घेताना आमचे साहेबसुद्धा दोनदा अडखळले, तेव्हा कंपनीत त्याचं 'सेन्सर' झालं. मावशींनी मात्र पहिल्याच दिवशी त्याला 'काचंचा डोला' म्हटलं, आणि खरं सांगते, तेच नाव सगळ्यात शोभलं.

मावशी म्हणजे पॅनल धुणाऱ्या. ठेकेदाराकडून आलेल्या. मूळच्या बदलापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या, आता बदलापुरातच हेंद्रेपाड्यात मुलाच्या घरी राहणाऱ्या. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक. सकाळी सातला पदर खोचून छतावर चढायच्या आणि लांब दांड्याचा ब्रश आणि पाण्याचा पाइप घेऊन एकेक रांग धूत जायच्या. आनंदनगरची धूळ म्हणजे साधी धूळ नव्हे. तिच्यात कुणाच्या बॉयलरची काजळी, कुणाच्या रंगाची पूड, सगळं आलं. बोटाने रेघ ओढली तर बोट काळं. ती धूळ घासून काढणं म्हणजे खांद्याची वाट लागायचं काम, पण मावशींचं पॅनल धुऊन झालं की त्यात आभाळ दिसायचं.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यावर ओरडले. मी वर गेले तेव्हा त्या पाइपचं तोंड त्या काचेच्या घुमटाकडे वळवत होत्या. "ओ मावशी! त्याला हात लावायचा नाही! कळतं का काही? फुटलं ना, तर साहेब तुम्हालाही काढतील आणि मलाही!" माझा आवाज असाच आहे. आई म्हणते, तुझ्या घशात भोंगा बसवलाय. मावशींच्या हातातून पाइप सुटला. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले आणि म्हणाल्या, "नाय लावनार ताय. कदीच नाय." मला तेव्हा बरंच वाटलं. एकदा सांगितलं, समजलं, विषय संपला.

तो घुमट पुसणं माझं काम होतं. आठवड्यातून एकदा वर जायचं, मऊ फडकं डिस्टिल्ड पाण्यात भिजवून काच पुसायची, यंत्र सपाटीत आहे का ते त्यातल्या बुडबुड्यावरून बघायचं, आणि खाली येऊन रजिस्टरमध्ये 'डोम स्वच्छ' समोर खूण करून सही ठोकायची. दहा मिनिटांचं काम. फक्त वर जायला भिंतीला लावलेली उभी लोखंडी शिडी होती, आणि माझा डावा गुडघा. पावसाळ्यात छत निसरडं म्हणून गेले नाही. पाऊस संपला तेव्हा गुडघा दुखत होता. गुडघा बरा झाला तोवर जायची सवय मोडली होती. सही करायची सवय मात्र मोडली नव्हती. दर सोमवारी चहाचा कप बाजूला ठेवून मी 'डोम स्वच्छ' वर सही करत होते. च्यायला, इतरांच्या गेजवर शंका घेणारी मी, आणि माझी स्वतःची सही ही अशी.

आता साहेबांचा आकडा सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या आकड्याचं आहे. जेवढं ऊन पडलं, त्यातून जेवढी वीज निघायला हवी, तिच्यातली शंभरात किती निघाली, असा तो आकडा. ऊन किती पडलं हे सेन्सर सांगणार, वीज किती निघाली हे मीटर सांगणार, आणि एकाला दुसऱ्याने भागून कॉम्प्युटर रोज संध्याकाळी एक आकडा दाखवणार. तो शहात्तरच्या आसपास असायचा. साहेब तो हेड ऑफिसला पाठवायचे. वाईट माणूस नाही, पण त्यांचा दिवस त्या आकड्यावर उगवायचा आणि मावळायचा.

ऑक्टोबरात खंडेनवमीला कंपनीत पूजा असते. आदल्या दिवसापासून मशिनं धुतात, पंपांना, मोटारींना, विजेच्या बोर्डांना हळद-कुंकू लावतात, झेंडूच्या माळा चढवतात. मी त्या दिवसांत कंपनीत नसते. आमच्या घरी विजयादशमी म्हणजे दीक्षाभूमी. आईला घेऊन दरवर्षी नागपूरला जाते, तीन-चार दिवस सुट्टी टाकून. साहेब दरवर्षी हसत म्हणतात, "मॅडम, तुमची सुट्टी बरोबर पूजेच्या टायमालाच लागते." मी पण हसून म्हणते, "हो ना साहेब, काय योगायोग." इतकी वर्षं झाली, दोघांनाही त्यातलं काय ते कळतं आणि दोघंही पुढे काही बोलत नाही.

नागपूरहून परत आले तर साहेब खुशीत. आकडा शहात्तरवरून चौऱ्याऐंशीवर! एका दिवसात! आणि तिथेच टिकून. "मॅडम, पावसाळ्याची सगळी घाण निघाली. ती मावशी काय घासते राव!" मी म्हटलं, छान झालं. मला खरंच छान वाटलं. प्रवासाने अंग आंबलं होतं, टेबलावर कामाचा ढीग होता, आणि चांगल्या आकड्यावर कोण शंका घेतो? आकडा पडला असता तर मी शिडी चढले असते, हे मला आज पक्कं माहीत आहे. वाढला म्हणून चढले नाही.

त्या हिवाळ्यात मावशींचा मान वाढला. साहेब येता-जाता त्यांना नमस्कार करायचे. हेड ऑफिसवाल्यांना दाखवायला छतावर घेऊन गेले, मावशींचा ब्रशसकट फोटो काढला. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर त्यांना पुढे बोलावून शाल आणि नारळ दिला. माइक तोंडासमोर धरला तर मावशी फक्त "बरं" म्हणाल्या आणि सगळे हसले. मीही हसले, टाळ्याही वाजवल्या. मावशी जागेवर जाऊन बसल्या आणि शालीची घडी मांडीवर ठेवून तिच्यावरून हात फिरवत राहिल्या.

फेब्रुवारीत कॅलिब्रेशनवाला आला. वर्षातून एकदा बाहेरचा माणूस येतो, आपलं तपासलेलं यंत्र आमच्या यंत्राशेजारी ठेवतो आणि दोघांचे आकडे जुळतात का बघतो. मी त्याच्यासोबत वर जायला हवं होतं. पण नेमका त्याच दिवशी रिअॅक्टरचा एक ट्रान्समीटर बंद पडला होता आणि प्रॉडक्शनवाले माझ्या नावाने ठणाणा करत होते. सिक्युरिटीवाल्याला सोबत देऊन मी त्याला वर पाठवलं. तासाभराने तो खाली आला, सर्टिफिकेट देऊन गेला. सेन्सर एकदम ठीक.

दुसऱ्या दिवशी आकडा शहात्तर.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तीन दिवस वाट बघितली. शहात्तर, पंच्याहत्तर, शहात्तर. चौथ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. "सेन्सर ओके आहे ना?" मी सर्टिफिकेट पुढे केलं. "म्हणजे पॅनलच घाण आहेत. अहो, शाल दिली आणि बाई डोक्यावर बसली! वर जाऊन नुसतं पाणी मारते वाटतं." खरं तर मलाही तसंच वाटलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते. कागदावर शिक्का होता ना. कागद एका बाजूला आणि मावशी दुसऱ्या बाजूला असल्यावर मी नेहमीच कागदाच्या बाजूने उभी राहिलेली आहे. तीच माझी नोकरी.

साहेबांनी ठेकेदाराला फोन केला. महिनाअखेरीस ही बाई बंद, दुसऱ्या पार्टीची मशीनवाली टीम आणायची. ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवर आला आणि सगळ्यांच्या देखत मावशींना म्हणाला, "काय मावशी, सत्काराची हवा गेली काय डोक्यात? फुकटचा पगार घेता?" मी तेव्हा गेटमधून आत येत होते. मावशी नुसत्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या. हातावर पोट असलेल्या बाईला कामचोर म्हणणं म्हणजे काय, ते आमच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. माझी आई तीस वर्षं भांडी घासत होती. तरी मी कार्ड पंच करून आत गेले.

पण ते डोक्यातून जाईना. जेवायच्या सुट्टीत मी कॉम्प्युटरवर गेल्या सहा महिन्यांचा आलेख उघडला. कधी उघडलाच नव्हता. आणि बघते तर काय! नुसती पायरी. ऑक्टोबरात एका दिवसात वर, फेब्रुवारीत एका दिवसात खाली, मधे सपाट. अगं बाई, धूळ अशी बसते का कधी? धूळ हळूहळू बसते. आकडा रोज थोडा थोडा उतरतो, धुतलं की वर जातो, पुन्हा उतरतो. पायरी पडली की माणसाकडे नाही, यंत्राकडे बघायचं असतं. हे मी ट्रेनी पोरींना शिकवते, स्वतः! पहिली पायरी खंडेनवमीची. दुसरी कॅलिब्रेशनची.

गुडघ्याला पट्टा बांधून मी शिडी चढले. किती महिन्यांनी चढत होते ते मला ठाऊक होतं. वर मावशी शेवटच्या रांगेत घासत होत्या. मी सरळ सेन्सरकडे गेले. काच लख्ख होती. कॅलिब्रेशनवाल्याने काम सुरू करण्याआधी पुसली असणार, कुठलाही शहाणा माणूस पुसेल. पण काच जिथे बशीत बसते तिथल्या खाचेत एक रेघ होती. लालसर पिवळी. आणि त्या खाचेत दोन तांदळाचे दाणे चिकटलेले.

"मावशी, हे काय आहे?"

त्या ब्रश टेकवून आल्या. वाकून बघितलं आणि अगदी सहज म्हणाल्या, "पूजेचं ना ताय. नवमीला सगल्या पॅनलना लावलं. मंग मी म्हनलं, सायबांचा सगला जीव या डोल्यात. याला नाय लावायचं, तर कोनाला लावायचं?"

"काचेवर लावलं?"

"थोडं. हलद, कुंकू, अक्षता. हल्लू हातानं."

"आणि पुसलं का नाही? पॅनलवरचं पुसलंत ना दुसऱ्या दिवशी?"

मावशी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारतेय. "तुमीच सांगलं व्हतं ना, याला हात लावायचा नाय. पूजेला लावलेला हात येगला. धुवायला कसा लावू? म्हनलं, ताय दर आटवड्याला येतात, त्या पुसतील."

मी पॅनलच्या चौकटीवर बसले. चार महिने! ओली हळद आणि कुंकू दवात ओघळून काचेवर पसरलं, त्यावर आनंदनगरची काजळी बसली, आणि तो डोळा ऊन कमी बघत राहिला. पॅनलवर ऊन पुरेपूर पडत होतं, वीज तेवढीच निघत होती, पण ऊन कमी मोजलं गेलं म्हणून वाटत होतं की एवढ्याशा उन्हातून केवढी वीज काढली! काच पुसली, ऊन खरं दिसलं, आकडा पूर्वीच्या जागी आला. मावशींच्या धुण्यात ऑक्टोबरातही काही बदललं नव्हतं आणि फेब्रुवारीतही नाही. शाल खोटी होती आणि शिवीही खोटी होती.

खरं सांगू? पहिल्या क्षणी मला एक घाणेरडा आनंद झाला. दरवर्षी माझ्या सुट्टीवर टोमणा मारता ना साहेब, घ्या, तुमच्या पूजेनेच तुमच्या आकड्याची वाट लावली. ते वाक्य मी मनात दोनदा म्हणूनही बघितलं, कसं ऐकू येईल ते. मग समोर उभ्या मावशी दिसल्या. हे वाक्य साहेबांच्या नाही, यांच्या डोक्यात बसणार होतं. आणि त्याच्या आधी रजिस्टर होतं. नागपूरहून आल्यावर एकदा जरी मी वर गेले असते तर पाच मिनिटांत काच पुसून खाली आले असते. काचेवर कुंकू लागणं ही भाबडी चूक होती. माझ्या सह्या भाबड्या नव्हत्या.

आमच्या कामात प्रत्येक मापात थोडी चूक धरलेलीच असते. सकाळी ऊन तिरपं आलं की सेन्सर थोडा चुकतो, काचेवर दव असलं की चुकतो, सपाटी हलली की चुकतो. त्याची कुणाला लाज नसते. चूक किती आहे हे माहीत असलं की काम भागतं. ऊन अगदी तंतोतंत कुणीच मोजलेलं नाही, मोजणारही नाही. पण मी ज्या रकान्यात सही करत होते तो रकाना नेमका याचसाठी होता, की चूक आपल्याला माहीत असावी. मी ती माहीत करून घ्यायचंच सोडलं होतं, आणि तो रिकामा रकाना माझ्या सहीने भरलेला दिसत होता.

एवढं सगळं कळूनही दोन दिवस मी गप्प राहिले. तुम्हाला वाटेल, कसली बाई आहे ही. परमनंट नोकरी, वीस वर्षांचं स्वच्छ रेकॉर्ड, घरी आईची औषधं. आणि आमच्या लोकांना एक चूक महागात पडते, लगेच 'कोट्यातली' म्हणायला सगळे मोकळे, ही भीती मी लहानपणापासून पोटात घेऊन फिरतेय. दुसरा कुणी विसरला तर विसरला, मी विसरले तर आमची सगळी माणसं विसरली. दोन दिवस मी तेच घोकत होते. तिसऱ्या दिवशी गेटवर मशीनवाल्या टीमचा माणूस छताचं माप घ्यायला आलेला दिसला, आणि मी त्याला ओलांडून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

आलेख दाखवला. हळद-कुंकवाचं सांगितलं. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि लगेच विचारलं, "कोणी लावलं?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मावशींना वरून बोलावून घेतलं. मावशी ओल्या पायांनी दारात उभ्या राहिल्या आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "सायेब, मीच लावलं. तायनी सांगलं व्हतं हात लावू नको म्हनून. त्यांची काय चूक नाय. चूक माजी."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. बाई मला वाचवत होती! तिला माहीतच नव्हतं की वाचवायला माझ्याकडे काही उरलं नाही. मी रजिस्टर टेबलावर ठेवलं. "साहेब, कुंकू कुणीही लावू दे. ते दर आठवड्याला पुसायचं काम माझं होतं. या सगळ्या सह्या माझ्या आहेत. पावसाळ्यापासून मी वर गेलेच नाही. एकदाही नाही."

साहेबांनी एकेक पान उलटून सह्या बघितल्या. मग जे बोलणं झालं ते बहुतेक इंग्रजीत झालं. मला मेमो मिळणार हे ठरलं, तो मिळालाही, आणि यंदाच्या बढतीच्या यादीतून माझं नाव गेलं. मशीनवाल्यांना परत पाठवायचं ठरलं. मधल्या महिन्यांचे आकडे हेड ऑफिसला कसे समजवायचे यावर साहेब बराच वेळ बोलले. मावशी दारातच उभ्या होत्या. शेवटी साहेब त्यांना मराठीत म्हणाले, "जा मावशी, काम करा. पुन्हा असं करू नका." बस. एवढंच. माफी नाही, काही नाही. मीसुद्धा त्या वेळी बाहेर जाऊन त्यांना काही समजावलं नाही. मी आधी जाऊन पाणी प्यायले. मनात म्हटलं, चला, बाईचं काम वाचलं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन. "मॅडम, मशीनवाल्यांना कशाला परत पाठवलं? मावशी स्वतःच सोडतेय. महिना भरून जाते म्हणाली."

मी शिडी चढले. सकाळचे नऊ वाजले असतील. मावशी घासत होत्या, आणि बघते तर एकदा धुतलेलीच रांग पुन्हा धूत होत्या. हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या.

"मावशी, ही रांग झालीय ना?"

"दोनदा धुते ताय आता. त्या दिसापासून. सातच्या जागी सहाला येते."

"का?"

त्या थांबल्या. ब्रशच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. "आकडा पडला ना. मना वाटलं, माज्याच हातात जोर ऱ्हायला नाय. मी तर धुतेय तसंच धुतेय, पन मशिन सांगतंय तं खरंच असंल. डाक्टरकडं गेले. त्यानी ताकदीच्या गोल्या दिल्या, सुई मारली. घरी सांगून टाकलं, माज्यानं आता व्हत नाय. सुनंनी पानी भरायचं काम पन काडून घेतलं माज्याकडचं. म्हनते, आय, तुमी बसा आता." त्या हसल्या, पण ते हसू बघवेना. "वय झालं ताय. व्हतं सगल्यांचंच."

ठेकेदाराने शिव्या दिल्या, साहेबांनी कामावरून काढायचं ठरवलं, हे मला दिसलं होतं. बाईने स्वतःच स्वतःला म्हातारी करून टाकलं होतं, हे मला दिसलंच नव्हतं. "मावशी, तुमच्या हातांना काही झालेलं नाही. तुमचं धुणं पहिल्या दिवसापासून एकसारखं आहे. चूक काचेत होती. काच पुसायची मी, आणि मी पुसली नाही."

"तुमी चांगल्या हाव म्हनून बोलता."

विश्वासच बसेना त्यांचा! आकड्यावर बसला, सुईवर बसला, माझ्यावर बसेना. आणि का बसावा? मी त्यांचा हात धरून त्यांना सेन्सरपाशी नेलं. मोबाइलवर उन्हाचा चालू आकडा उघडला आणि त्यांच्या हातात दिला. अक्षर कमी, पण आकडे मावशींना चांगले वाचता येतात. "आता माझ्याकडे बघू नका, आकड्याकडे बघा." मी काचेवर तळहात आडवा धरला. आकडा घसरला. हात काढला. आकडा चढला. "आता तुम्ही धरा."

"नको ताय."

"धरा. मी सांगतेय ना."

त्यांनी चिंधी गुंडाळलेलं एक बोट भीत भीत काचेवर टेकवलं. आकडा उतरला. उचललं. चढला. पुन्हा टेकवलं. आभाळाकडे बघितलं, ऊन जसंच्या तसं होतं. असं त्यांनी पाच-सहा वेळा केलं. शेवटी मोबाइल माझ्या हातात दिला.

"म्हंजे पॅनल चांगलेच धुतलेले व्हते."

"हो."

"शाल दिली तवा पन, आन कामचोर बोलले तवा पन."

"हो. दोन्ही वेळेला सारखेच."

"आन तुमी चार म्हयने खाली बसून सही करत व्हता."

"हो, मावशी."

मला वाटलं त्या रडतील, किंवा काय सांगावं, जाऊ द्या ताय म्हणतील. मला आतून तेच हवं होतं, जाऊ द्या म्हणावं त्यांनी. त्यांनी बोटांच्या चिंध्या एकेक करून सोडल्या, कमरेला खोचल्या. मूठ दोनदा वळून, उघडून बघितली. मग माझ्याकडे वळल्या, आणि मी त्यांना एवढं चिडलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"महिनाअखेर बिखेर काय नाय. सांगा त्या ठेकेदाराला, मी कुटं जात नाय." ब्रश उचलून त्या पुढच्या, अजून न धुतलेल्या रांगेकडे गेल्या. मी तिथेच उभी होते. त्यांनी मान वळवून बघितलं.

"आन बाजूला व्हा तिथून. पॅनलवर सावली पडतेय तुमची."

मी बाजूला झाले.